गाडी आपोआप चालेल; खटला कोणावर चालेल?

१५ जुलै २०२५ रोजी मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलात टेस्ला या अमेरिकन कंपनीचे भारतातील पहिले शोरूम उघडले. मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस उद्घाटनाला जातीने हजर होते. वाहिन्यांनी त्या गाडीचे जे कौतुक केले ते पाहून वाटावे, लग्नघरी नवरीचे दागिने मोजायला बसले आहेत. काचेचे छत केवढे, मधला पडदा किती इंचांचा, दाराच्या मुठी कशा आत दडलेल्या! किंमत ५९ लाख ८९ हजारांपासून पुढे. आणि गाडी स्वतःच चालण्याची सोय हवी असेल तर आणखी सहा लाख.

या सहा लाखांपाशी वाचकांनी जरा थांबावे. ज्या दिवशी हा भाव लावला गेला त्या दिवशी ही सोय भारतातल्या रस्त्यांवर सुरूच नव्हती. पुढेमागे परवानगी मिळेल, यंत्रणा तयार होईल, तेव्हाचे पैसे आज. मुंबईत दुसऱ्याची खासगी गाडी चालवणाऱ्या माणसाला महिन्याला वीस-पंचवीस हजार मिळतात. म्हणजे जो चालक उद्या नकोसा व्हावा अशी कल्पना आहे, त्याच्या दोन वर्षांच्या पगाराएवढी ही रक्कम. ती नुसत्या आश्वासनापोटी द्यायला तयार असलेले लोक आपल्या शहरात आहेत, ही गोष्ट लक्षात ठेवून पुढे जाऊ.

सध्या या विषयावर दोन पक्ष पडलेले दिसतात. एक पक्ष म्हणतो, माणूस दारू पितो, डुलक्या घेतो, फोनवर बोलतो. यंत्र यातले काहीच करत नाही, तेव्हा गाडी यंत्राच्या हाती द्या. दुसरा पक्ष हसून म्हणतो, आमच्याकडे रस्त्यात म्हैस बसते, समोरून उलट्या दिशेने रिक्षा येते, तुमचे यंत्र चौकातच रडायला लागेल. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. पण दोघेही गाडीच्या आत बसून वाद घालत आहेत. गाडीपुढून रस्ता ओलांडणारा माणूस या चर्चेत नाही आणि पगारावर स्टिअरिंग धरणाराही नाही. यंत्र चुकले तर मरणार कोण आणि तुरुंगाच्या दारात उभा राहणार कोण, हा प्रश्न विचारला की दोन्ही पक्ष गप्प होतात.

आधी एक खुलासा. विजेच्या गाडीला विरोध करण्याचे काहीच कारण नाही. धुराचा पहिला घास चौकातला वाहतूक पोलीस, सिग्नलवरचा फेरीवाला आणि महामार्गाच्या कडेच्या झोपडीतले मूल घेते. बंद काचेतला माणूस घेत नाही. विजेची मोटार साधी, कमी सुट्या भागांची, देखभालीला सोपी. २००१ साली बंगळुरूमध्ये ‘रेवा’ ही चिमुकली विजेची गाडी बाजारात आली तेव्हा लोकांनी तिला खेळणे म्हणून हिणवले. तेच लोक आज विजेच्या गाडीसाठी पन्नास-साठ लाख मोजतात, कारण मधल्या काळात तिला श्रीमंतीचा साज चढवला गेला. खरे तर या देशातली विजेवर चालणारी लोकांची गाडी म्हणजे ई-रिक्षा. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या आकडेवारीनुसार २०२३ साली विजेच्या तीनचाकींच्या विक्रीत भारताने चीनलाही मागे टाकले. पण ई-रिक्षाच्या रचनेवर कोणी लेख लिहिलेला पाहिला आहे का? तिचा तोल, तिचे ब्रेक, तिच्यात कोंबून बसणाऱ्या शाळकरी पोरांची सुरक्षा, यांना ‘डिझाइन’ म्हणत नाहीत. डिझाइन म्हणजे बॉनेटवरचा दिव्यांचा पट्टा!

विजेची मोटार ही एक गोष्ट आणि स्वयंचलन ही दुसरी. त्यांचा एकमेकींशी जन्माचा संबंध नाही. पेट्रोलच्या गाडीलाही संगणक जोडता येतो आणि विजेची गाडी पूर्णपणे हातानेही चालवता येते. पण विकणारे दोन्ही एकाच ताटात वाढतात, आणि घेणारा विजेच्या नावाने यंत्रावरचा विश्वासही विकत घेतो.

या विश्वासाची सुरुवात नावापासून होते. टेस्लाने २०१५ मध्ये आपल्या गाड्यांत ‘ऑटोपायलट’ सुरू केले. २०१६ मध्ये सांगितले की आता बनणाऱ्या प्रत्येक गाडीत संपूर्ण स्वयंचलनाला लागणारी सामग्री बसवलेली आहे. २०१९ मध्ये कंपनीचे प्रमुख इलॉन मस्क म्हणाले की पुढच्या वर्षी दहा लाख चालकविरहित टॅक्सी रस्त्यावर असतील. ते पुढचे वर्ष आले आणि गेले. २०२५ च्या जूनमध्ये ऑस्टिन शहरात मोजक्या गाड्या धावू लागल्या, त्याही शेजारच्या आसनावर कंपनीचा माणूस बसवून. मधल्या काळात, २०२४ साली, ‘फुल सेल्फ-ड्रायव्हिंग’ या नावापुढे ‘सुपरवाइज्ड’ हा शब्द कंसात आला. संपूर्ण स्वयंचलित, पण तुमच्या देखरेखीखाली! कडक उपवास, फक्त दोन वेळ जेवायचे, अशातला हा प्रकार.

वाहन अभियंत्यांनी स्वयंचलनाच्या शून्य ते पाच अशा पायऱ्या ठरवल्या आहेत. दुसऱ्या पायरीवर गाडी वेग सांभाळते, मार्गिकेत राहते, पुढच्या गाडीपासून अंतर ठेवते; परंतु चालकाने डोळे रस्त्यावरून हलवायचे नाहीत आणि जबाबदारी सर्वस्वी त्याची. लोकांनी विकत घेतलेल्या जवळजवळ सर्व गाड्या, भारतातल्या ‘अडास’ म्हणून विकल्या जाणाऱ्या गाड्यांसह, फार तर या पायरीवर आहेत. माणसाचे लक्ष हे नळासारखे सोडता-बंद करता येत नाही. तासभर यंत्र नीट चालले की मन भटकते, आणि नेमके त्यानंतरच्या दोन सेकंदांत त्याने सगळे सावरावे अशी अपेक्षा असते. २०२३ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेच्या रस्ते सुरक्षा यंत्रणेच्या चौकशीनंतर टेस्लाला वीस लाखांहून अधिक गाड्यांसाठी दुरुस्ती जाहीर करावी लागली. दोष काय? चालकाचे लक्ष रस्त्यावर आहे की नाही हे पाहणारी व्यवस्था अपुरी होती.

आता ज्या घटनेने हा सगळा प्रश्न नागडा केला तिच्याकडे वळू. १८ मार्च २०१८ ची रात्र, दहाच्या सुमाराची वेळ. अमेरिकेच्या अॅरिझोना राज्यात टेंपी नावाचे शहर आहे. तेथे ४९ वर्षांची एक स्त्री सायकल हातात धरून, ती ढकलत, रुंद रस्ता ओलांडत होती. उबर कंपनीची चाचणीवरची गाडी ताशी साठ किलोमीटरच्या आसपास वेगाने आली आणि तिला धडकली. ती मरण पावली. चालकविरहित तंत्राच्या गाडीखाली पादचारी मरण्याची ही पहिली नोंद. गाडी विजेची नव्हती, व्होल्वोची साधी गाडी संगणकाला जोडलेली होती.

राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने चौकशी केली आणि नोव्हेंबर २०१९ मध्ये निष्कर्ष मांडले. ते वाचताना अंगावर काटा येतो. यंत्राला ती बाई धडकेच्या ५.६ सेकंद आधीच दिसली होती! म्हणजे डोळे ठीक होते. पण दिसले ते काय आहे हे त्याला ठरवता येईना. आधी ते म्हणाले वाहन, मग म्हणाले इतर काहीतरी, मग सायकल, पुन्हा इतर. प्रत्येक वेळी मत बदलले की आधीची नोंद पुसली जाई आणि ती कोणत्या दिशेने चालली आहे याचा हिशेब नव्याने सुरू होई. का? तर झेब्रा पट्ट्यांशिवाय माणूस रस्ता ओलांडू शकतो, ही शक्यताच त्या यंत्राच्या आज्ञावलीत धरलेली नव्हती. पट्ट्याबाहेरचा माणूस हा त्याच्या लेखी पादचारीच नव्हे. शिवाय व्होल्वोने कारखान्यातून दिलेली आपोआप ब्रेक लावण्याची सोय गाडी संगणकाच्या ताब्यात असताना बंद ठेवलेली होती.

हे कोणी ठरवले? गाडीत बसलेल्या बाईने नाही. ती चाचणी चालक होती, पगारी. गाडीवर लक्ष ठेवणे हे तिचे काम. पूर्वी अशा गाडीत दोन माणसे असत, धडकेच्या काही महिने आधी कंपनीने एक कमी केला. त्या रात्री ही एकटी चालक फोनवर कार्यक्रम पाहत होती, हे खरे आहे आणि ते क्षम्य नाही. मंडळाने तिची चूक हे तात्कालिक कारण मानले. मात्र त्याच अहवालात कंपनीची सुरक्षेबाबतची बेपर्वाई, चालकांवर देखरेख नसणे आणि राज्याचे सैल नियम यांवरही बोट ठेवले. पुढे काय झाले पाहा. मार्च २०१९ मध्ये सरकारी वकिलांनी सांगितले की कंपनीवर फौजदारी गुन्हा लावण्यास आधार नाही. २०२० मध्ये गुन्हा दाखल झाला तो त्या चालक बाईवर. २०२३ मध्ये तिने जीव धोक्यात घातल्याची कबुली दिली आणि तिला देखरेखीखालील तीन वर्षांची परिविक्षा मिळाली. कंपनीने तोपर्यंत आपला हा विभाग दुसऱ्या कंपनीला विकूनही टाकला होता. आज्ञावली लिहिणारे, ब्रेक बंद ठेवण्याचा निर्णय घेणारे, दुसरा माणूस कमी करणारे यांपैकी कोणीही आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहिले नाही. पिंजऱ्यात उभी राहिली ती त्या सगळ्या साखळीतली सर्वांत खालची कडी.

सगळीकडे असेच होते असे मात्र नाही. २०१९ साली फ्लोरिडात ऑटोपायलटवर असलेली टेस्ला रस्ता संपला तरी थांबली नाही. चालक खाली पडलेला फोन शोधत होता. कडेला उभ्या असलेल्या दोघांपैकी २२ वर्षांची तरुणी ठार झाली. मायामीच्या ज्युरीने ऑगस्ट २०२५ मध्ये ३३ टक्के दोष कंपनीचा ठरवला आणि सुमारे २४ कोटी ३० लाख डॉलरचा भार तिच्यावर टाकला. कंपनीला हा निकाल मान्य झाला नाही. त्या खटल्यातली एक बाब मला रकमेपेक्षा महत्त्वाची वाटते. धडकेच्या क्षणी गाडीने काय पाहिले, काय केले याची नोंद मिळवण्यासाठी फिर्यादींना स्वतंत्र तज्ज्ञ लावून ती उकरून काढावी लागली. गाडी तुमची, अपघात तुमचा, पण गाडीची साक्ष कंपनीच्या खिशात! ब्रिटनने २०२४ मध्ये स्वयंचलित वाहनांचा कायदाच केला. गाडी मान्यताप्राप्त पद्धतीने स्वतः चालत असेल तेव्हा चालवण्याच्या चुकीसाठी आसनावरच्या माणसाला दोषी धरायचे नाही, जबाब कंपनीने द्यायचा. आणि नसलेले स्वयंचलन आहे असे भासवून विकणे हाही गुन्हा. तंत्रज्ञान अडवायचे नसेल तर निदान एवढे तरी करता येते.

चीनसारख्या देशालाही हे ठेच लागल्यावर सुचले. मार्च २०२५ मध्ये तेथे आन्ह्वी प्रांतातल्या द्रुतगती मार्गावर शाओमी कंपनीची विजेची गाडी कठड्याला धडकून पेटली आणि तीन महाविद्यालयीन तरुणी मरण पावल्या. गाडी धडकेपूर्वी सहायक प्रणालीवर होती. पुढे अडथळा आहे असा इशारा मिळाल्यापासून धडकेपर्यंत जेमतेम काही सेकंद गेले, हे कंपनीच्या स्वतःच्या नोंदीतूनच पुढे आले. पुढच्याच महिन्यात सरकारने गाडी कंपन्यांना बजावले की जाहिरातीत ‘स्वयंचलित’, ‘बुद्धिमान’ असले शब्द वापरायचे नाहीत.

गाडी पेटल्यावर दार उघडते का, हा पुढचा प्रश्न, आणि येथे रचनेचा मुद्दा आला. दाराच्या लपलेल्या मुठी टेस्लाने २०१२ च्या गाडीपासून फॅशनमध्ये आणल्या. हवेचा विरोध थोडा कमी होतो हे कारण, दिसते छान हे खरे कारण. वीज गेली, छोटी बॅटरी मेली की अशा कित्येक गाड्यांची दारे बाहेरून उघडत नाहीत. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या यंत्रणेने टेस्लाच्या एका मॉडेलची चौकशी सुरू केली, कारण मुले आत अडकली आणि आईबापांना काच फोडावी लागली अशा तक्रारी आल्या होत्या. चीनने १ जानेवारी २०२७ पासून अशा लपलेल्या मुठींवर बंदी आणणारा नियमच काढला. आपल्याकडे टाटा आणि महिंद्राच्या नव्या विजेच्या गाड्यांतही या मुठी ऐटीत मिरवतात. पडद्यांचेही तेच. पाण्याच्या सरी कोसळत असताना वायपरचा वेग पडद्यावर बोटाने शोधायचा, हे कोणत्या शहाण्याने ठरवले? युरोपातील ‘एनकॅप’ या सुरक्षा चाचणी संस्थेने २०२६ पासून इंडिकेटर, हॉर्न, वायपर यांना हाताला लागणारी बटणे नसतील तर गुण कापायचे ठरवले. साधे बटण परत आणायला एवढी वर्षे लागली!

हे झाले आतल्यांचे. बाहेरच्यांचे काय? विजेची गाडी कमी वेगात जवळपास आवाज करत नाही. डोळ्यांनी अधू असलेला माणूस रस्ता कानांनी ओलांडतो. युरोपने २०२१ पासून सर्व नव्या विजेच्या गाड्यांना कृत्रिम आवाज सक्तीचा केला. आपल्या सरकारने तसा मसुदा काढला तो सप्टेंबर २०२५ मध्ये. आणि यंत्राची नजर? लंडनच्या किंग्ज कॉलेजच्या संशोधकांनी २०२३ मध्ये पादचारी ओळखणाऱ्या आठ प्रणाली आठ हजारांहून अधिक छायाचित्रांवर तपासल्या. प्रौढांपेक्षा मुले ओळखण्यात त्या सुमारे वीस टक्क्यांनी कमी पडल्या. गोऱ्यांपेक्षा काळ्या वर्णाची माणसे ओळखण्यात साडेसात टक्क्यांनी. त्या संशोधनातल्या खुल्या प्रणाली होत्या. कंपन्या स्वतःच्या प्रणाली कोणाला तपासायला देत नाहीत. यंत्राला जात-वर्ण कळत नाही असे मोठ्या तोऱ्यात सांगितले जाते. त्याला जी छायाचित्रे दाखवली तेवढेच त्याला कळते, आणि छायाचित्रे कोणाची दाखवायची हे माणूस ठरवतो.

केंद्र सरकारच्या आकडेवारीप्रमाणे २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसे मेली. त्यातले ३२ हजार ८२५ पादचारी आणि जवळपास ७५ हजार दुचाकीवरचे. मोटारीत बसलेले यात अल्पसंख्य आहेत. झेब्रा पट्टे जेथे पुसले गेलेले, पदपथ जेथे गाड्यांनी व्यापलेले, तेथे टेंपीच्या त्या बाईप्रमाणे पट्ट्याबाहेरून चालणे हा आपल्या कोट्यवधी लोकांचा रोजचा रस्ता आहे. समृद्धी महामार्गावर पांढऱ्या रेघा आखीव आहेत, तेथे यंत्र छान चालेल. त्या महामार्गाखालच्या गावातल्या फाट्यावर काय?

केंद्रीय मंत्री नितीन गडकरी डिसेंबर २०२३ मध्ये नागपुरात म्हणाले होते की आपण मंत्री असेपर्यंत चालकविरहित गाड्या येऊ देणार नाही, कारण सत्तर-ऐंशी लाख चालकांचा रोजगार जाईल. भूमिका रास्त आहे, पण अर्धीच आहे. चालकविरहित गाडी आली नाही तरी अर्धवट स्वयंचलित गाडी आलेलीच आहे, आणि तिच्यात चालक शिल्लक आहे. प्रश्न असा, की तो गाडी चालवायला आहे की दोष घ्यायला? आपला १९८८ चा मोटार वाहन कायदा चालक म्हणजे माणूस असेच धरून चालतो. नव्या भारतीय न्याय संहितेत निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्यास पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. अपघात करून पळून जाणाऱ्यास दहा वर्षांपर्यंत शिक्षेचे कलमही होते. ते जानेवारी २०२४ च्या ट्रकचालकांच्या संपामुळे सरकारला स्थगित ठेवावे लागले. चालकाला किती वर्षे आत टाकायचे यावर सरकारने इतका खल केला, पण यंत्राने स्टिअरिंग ओढले तर काय याचे एक ओळही उत्तर आपल्या कायद्यात नाही. युरोप-अमेरिकेत मालक स्वतः गाडी चालवतो. आपल्याकडे मालक मागे बसतो. यंत्राचे पैसे त्याने दिलेले, यंत्र सुरू ठेवायचे की नाही हे तो सांगणार, आणि परवाना पुढच्या माणसाचा जाणार.

आमच्या वस्तीतला एक तरुण पुण्यात एका व्यावसायिकाची गाडी चालवतो. गेल्या वर्षी मालकाने नवी विजेची गाडी घेतली. पंधरा वर्षे हातात स्टिअरिंग धरलेल्या या पोराचे शिक्षण किती झाले? मालकाच्या मुलाने तळघरातल्या पार्किंगमध्ये पाच मिनिटे पडद्यावर बोटे फिरवून दाखवली तेवढेच. तिसऱ्या दिवशी कडेच्या सायकलवाल्याला जागा द्यायला त्याने गाडी उजवीकडे घेतली, इंडिकेटर द्यायचा राहिला, आणि गाडीने स्टिअरिंग मागे डावीकडे ओढले. सायकलवाला वाचला, कारण याच्या मनगटात जोर होता. त्याने ती सोय बंद केली. संध्याकाळी मालकाने पाहिले आणि पुन्हा सुरू करायला लावली. एवढे पैसे मोजलेत ते बंद ठेवायला का, हा त्यांचा सवाल.

मध्यंतरी तो माझ्याकडे आला होता. त्याला कायदा विचारायचा होता, आणि मला सांगण्यासारखा कायदा नव्हता. त्याने आता गाडीत शंभर पानी वही ठेवली आहे. तारीख, रस्ता, वेळ, गाडीने स्वतःहून काय केले आणि त्या वेळी सोय कोणाच्या सांगण्यावरून सुरू होती, असे चार रकाने. पाचवा रकाना मालकाच्या सहीचा आहे. तो त्याने आखून ठेवला आहे, अजून कोरा आहे.